मामांचा लॅपटॉप आणि हलकं लिनक्स : प्रकल्प नोंदी

२ ऑगस्ट २०२५, शनिवार. केरी, सत्तरी

पावसाने दुपारी उसंत घेतली तशी डिचोलीहून निघालो आणि साखळीवरून केरी गाठली. मामांनी चहाच्या आधी लॅपटॉपच पुढ्यात ठेवला. "पळय रे, हाका कितें जालां तें." तक्रारी दोन. एक, बटण दाबल्यापासून लिहायला बसेपर्यंत मामींचा भात शिजून होतो. दोन, इंटरनेट "मेलां".

दुसरी तक्रार लगेच सुटली. घड्याळ १ जानेवारी २००९ दाखवत होतं. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की चार्जर काढताच तारीख मागे जाते. मग प्रत्येक साइटचं सुरक्षा-प्रमाणपत्र "अजून लागूच झालेलं नाही" असं ब्राउझरला वाटतं आणि तो दार लावून घेतो. तारीख हाताने बदलली, पेपर उघडला. मामा दोन महिने मोबाइल कंपनीला शिव्या घालत होते.

पहिली तक्रार मोजली. लेखनाची फाइल उघडेपर्यंत ९ मिनिटं १० सेकंद. मामींच्या भाताचा हिशेब बरोबर होता.

मशीन: इंटेल कोअर टू ड्युओ टी६६००, २.२ गिगाहर्ट्झ, २ जीबी डीडीआर२ मेमरी, ३२० जीबीची फिरती हार्ड डिस्क, १५.६ इंची पडदा. विंडोज ७, ३२-बिट (प्रोसेसर एका वेळी केवढा आकडा हाताळतो त्याचं माप; नवी मशीनं ६४-बिट). त्याचे अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबलेत. बॅटरी नावापुरती, चार्जरचा हात सुटला की सगळं काळोखात.

काम काय? मामा निवृत्त प्राथमिक शिक्षक. गावच्या काल्याला, जत्रेला झालेल्या नाटकांच्या हस्तलिखित वह्या आणि रणमाले या लोकनाट्यातल्या जती, म्हणजे पदं, त्यांनी जमवल्यात. एकूण ११ वह्या. दोघींना वाळवी लागून गेली, एकीची शाई ओलीने फुटली. त्या टाइप करून ठेवायच्या आहेत, रोज सकाळी दोन तास. त्याशिवाय पेपर वाचणं, यूट्यूबवर नाट्यगीतं ऐकणं आणि पीडीएफ पेनड्राइव्हवर घेऊन साखळीच्या झेरॉक्सवाल्याकडे जाणं. बस्स.

नवा घेऊया म्हटलं तर मान हलली. कळांवरची अक्षरं पुसून गेलीत, पण त्यांच्या बोटांना जागा पाठ आहेत. खर्चाची मर्यादाही त्यांनीच घातली: दोन हजार.

३ ऑगस्ट, रविवार. डिचोली

विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट प्रणाली बसवायची, पण तिला हात लावायच्या आधी डिस्क. ती काढून माझ्या डेस्कटॉपला जोडली आणि स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती, नोंद वाचली. चालू राहिलेले तास १३,६००, बदलून दिलेले सेक्टर ३८, वाचताना अडकलेले १२. हे बारा पुढे वाढतच जाणार. म्हणजे 'हळू चालतं' यातला निम्मा दोष विंडोजचा नव्हे. डिस्क एकेक जागा पुन्हा पुन्हा वाचत बसते आणि बाकी सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहतात.

डीडीरेस्क्यूने पूर्ण प्रत काढली. हा प्रोग्राम आधी चांगला भाग भराभर उचलतो, वाईट जागा एका नकाशा-फाइलमध्ये टिपून ठेवतो आणि मग सावकाश त्यांच्यामागे लागतो. साधी कॉपी पहिल्याच खराब सेक्टरवर हटून बसली असती आणि तेवढ्यात डिस्कने मान टाकली असती. अडीच तास लागले. ८४ केबी वाचता आले नाहीत, पण मामांच्या फोल्डरातलं त्यात काही नाही. खात्रीसाठी प्रत्येक फाइल उघडून पाहिली. काही फाइलींत मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला. जुना फॉन्ट. तो विषय नंतर.

उघडलंच आहे तर पंखाही पाहिला. पात्यांत तांबड्या धुळीचा गोळा, वर पावसाळी दमटपणा, दोन्ही मिळून जवळजवळ मातीची वीटच. ब्रशने काढली, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. आधी काम करताना ८९ अंश जात होतं, आता ६६. गरम झाला की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो, त्यामुळे ही साफसफाई म्हणजे फुकटात मिळालेला वेग.

५ ऑगस्ट, मंगळवार

लिनक्सच्या वेगवेगळ्या प्रकारांची यादी केली. विंडोज ३२-बिट आहे, म्हणजे ३२-बिटवालं लिनक्स हवं. (हे वाक्य पुसत नाही. का, ते चार दिवसांनी.)

उबुंटू परिवाराने ३२-बिट इमेज (बसवण्यासाठीची फाइल) काढणं २०१९ पर्यंत बंद केलं, म्हणून लुबुंटू, झुबुंटू बाद. सी-डॅकचं बॉस लिनक्स आठवलं, पण तेही डेबियन या मूळ लिनक्सवरच उभं आहे, मग थेट डेबियन का नको असा विचार आला. उरले: अँटीएक्स २३, एमएक्स २३, पपी, क्यूफोरओएस, टायनी कोअर आणि साधं डेबियन १२. व्हेन्टॉय घातलेल्या एकाच पेनड्राइव्हवर सहाही इमेज टाकल्या. सुरू करताना मेनू येतो, हवं ते निवडायचं. पूर्वी प्रत्येकासाठी पेनड्राइव्ह नव्याने लिहायचो, ते दिवस गेले.

७ ऑगस्ट, गुरुवार

दोन रात्री चाचण्या. कोण किती मेमरी खातं त्याचं मोजमाप 'फ्री' कमांडने, डेस्कटॉप आल्यावर एक मिनिट थांबून.

टायनी कोअर ६० एमबीच्या आसपास. बघून हसू येतं, पण लिब्रेऑफिस (लेखनाचा प्रोग्राम), फॉन्ट, ब्राउझर एकेक करून बसवायचे आणि ते टिकवायचे नियम समजून घ्यायचे. मामांसाठी नाही. माझ्यासाठीसुद्धा रविवारपुरतंच.

पपी आख्खं मेमरीत चढतं, त्यामुळे मरत्या डिस्कवरही पळतं. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी कॉलरने २००३ मध्ये सुरू केलेला हा प्रकार मला पहिल्यापासून आवडतो. पण पहिल्यांदा बंद करताना ते विचारतं, केलेलं काम कुठल्या फाइलमध्ये जपू. तिथे 'नको' दाबलं की सत्र गेलं. मामा घाईत कुठलंही बटण दाबतात. शिवाय रोजचा वापर रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला मालक, म्हणूनच. नको.

अँटीएक्स १७२ एमबी. डेबियनवर आधारलेलं, सिस्टिमडी या सुरुवात-व्यवस्थापकाशिवाय, आइसडब्ल्यूएमची खिडक्यांची रचना. पेंटियम-३ आणि २५६ एमबीच्या मशीनपर्यंत खाली उतरायची त्यांची तयारी असते. आवृत्तीचं नाव 'आर्दिती देल पोपोलो', १९२१ च्या इटलीतल्या फॅसिस्टविरोधी पथकांवरून. नाव वाचूनच मी अर्धा पटलो होतो.

एमएक्स, एक्सएफसीई डेस्कटॉपसह, ४३० एमबी.

मग एक साधी गोष्ट केली, जी पहिल्याच रात्री करायला हवी होती. दोन्हींत फायरफॉक्स उघडून एकाच मराठी वर्तमानपत्राची एकच बातमी लावली. अँटीएक्स ९४० एमबी. एमएक्स १,१८० एमबी. जाहिरात रोखणारं यूब्लॉक ओरिजिन घातलं आणि तीच बातमी पुन्हा उघडली: ६३० आणि ८७०. दोन डेस्कटॉपमधलं अंतर २५८ एमबी होतं आणि जाहिराती एका पानावर ३१० खात होत्या! हलकं डेस्कटॉप शोधत रात्री जागवतोय आणि वजन बातमीच्या पानात बसलंय.

९ ऑगस्ट, शनिवार. सुतांपुनव

सकाळी जानवं बदलून झालं, दुपारी नारळाच्या करंज्या, संध्याकाळी बातमी: डेबियन १३ 'ट्रिक्सी' आलं.

प्रकाशन-टिपणं वाचायला घेतली आणि तिसऱ्या मिनिटाला डोकं धरलं. ३२-बिट पीसीसाठी आता ना इन्स्टॉलर, ना कर्नल (प्रणालीचा गाभा). ३२-बिटची पॅकेजेस उरलीत, पण ती ६४-बिट मशीनवर जुने प्रोग्राम चालवण्यापुरती. २०३८ साली ३२-बिट घड्याळ संपतं, त्यासाठी डेबियनने वेळ मोजायची पद्धत ६४-बिट केली, तीही या शाखेला लावली नाही. म्हणजे माझ्या यादीतल्या बहुतेकांचं मूळच सुकत चाललंय. डेबियन १२ ला २०२८ पर्यंत आधार आहे, पण मामा २०२८ नंतरही लिहिणार.

चरफडत प्रोसेसरची माहिती सांगणारं 'एलएससीपीयू' मारलं, का कोण जाणे, कदाचित नेमकं किती जुनं आहे हे बघायला. दुसऱ्या ओळीत: ऑप-मोड, ३२-बिट, ६४-बिट.

कोअर टू मालिका २००६ साली आली तेव्हापासून ६४-बिटच आहे. हे मला माहीत होतं. टी६६०० हे नाव मी स्वतः २ तारखेच्या नोंदीत लिहिलंय. पण मेमरी २ जीबीच म्हणून विकताना त्यावर ३२-बिट विंडोज टाकलेलं, आणि मी पाटी वाचून माणूस ओळखला. चार रात्री पाण्यात.

१० ऑगस्ट, रविवार

राग ओसरला. आता प्रश्न खरा: ६४-बिट चालतं म्हणून ६४-बिटच घ्यावं का? तेच अँटीएक्स दोन्ही प्रकारांत चालवून पाहिलं. रिकामं असताना १७२ विरुद्ध २३६ एमबी. फायरफॉक्सचे तीन टॅब उघडल्यावर १,०५० विरुद्ध १,३१०. पत्ते दुप्पट लांबीचे, त्यामुळे वजन वाढणारच. २ जीबीवर हा फरक जाणवतो. पण मेमरी वाढवता येते, बंद झालेली शाखा पुन्हा फुटत नाही. ६४-बिट.

त्यातही एक मेख. नव्या काही लिनक्सना नुसतं ६४-बिट पुरत नाही. रेड हॅट एंटरप्राइझ ९ आणि त्याच्या कुळातली अल्मा, रॉकी यांना किमान 'व्ही२' पातळी लागते, म्हणजे एसएसई४.२ आणि पॉपकाउंट या सूचना. या प्रोसेसरात एसएसई४.१ पर्यंतच. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्तीही त्याच कारणाने इथे उठत नाही. डेबियन मात्र अजून अगदी पहिल्या ६४-बिट प्रोसेसरांपासून चालतं.

१३ ऑगस्ट, बुधवार

ऑफिस सुटल्यावर पणजी. २४० जीबीची एसएसडी (न फिरणारी, चिपवाली डिस्क) १,४५०. डीडीआर२ च्या दोन जीबीच्या दोन वापरलेल्या पट्ट्या मिळून ९००. सेल ४०. बेरीज २,३९०, पेस्ट घरातलीच. मामांना १,९९० सांगायचं ठरवलंय, मामींना खरा आकडा.

रात्री मेमटेस्ट हा मेमरी तपासणारा प्रोग्राम लावून झोपलो. सकाळपर्यंत लाल ओळींची रांग. एकेक पट्टी वेगळी करून पाहिली तर एकच वाईट. दुकानदाराने दुसऱ्या दिवशी वाद न घालता बदलून दिली. वापरलेली मेमरी घेतली की रात्रभर मेमटेस्ट, हे मी आता दाराला चिकटवून ठेवणार आहे. नाहीतर महिनाभराने फाइली बिघडल्या असत्या आणि मी लिनक्सलाच दोष दिला असता.

१६ ऑगस्ट, शनिवार

एसएसडी आणि ४ जीबीवर पुन्हा चाचणी. आता लुबुंटूही परत शर्यतीत. शेवटचे चार: अँटीएक्स २३, एमएक्स २३, लुबुंटू २४.०४, डेबियन १३ एक्सएफसीईसह.

डेस्कटॉप येईपर्यंतचा वेळ: २१ सेकंदांपासून ३४ सेकंदांपर्यंत. चौघेही. नऊ मिनिटांच्या जागी. १,४५० रुपयांच्या डबीने जे केलं ते माझ्या सगळ्या चाचण्यांनी मिळून केलं नसतं.

लुबुंटूचा एलएक्सक्यूटी डेस्कटॉप देखणा आहे, पण आधार एप्रिल २०२७ पर्यंत, आणि फायरफॉक्स उबुंटूच्या स्नॅप या वेगळ्या पुडक्यातून येतं, ते पहिल्यांदा उघडताना इथे रेंगाळतं. एमएक्सची स्वतःची हत्यारं फार सोयीची, पण पाया अजून डेबियन १२ चा. डेबियन १३ नवंकोरं, नेहमीचा आणि दीर्घ मुदतीचा आधार धरून २०३० पर्यंत. माझं मन मात्र अजून अँटीएक्सकडे झुकतंय. २३६ एमबी! उगाच मोह.

१७ ऑगस्ट, रविवार

मामा चवथीच्या खरेदीला डिचोलीत आले होते. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं) सामान आणखी आठवड्याने घ्यायचं, आज कपडे आणि सोयरेधायरे. जेवणानंतर त्यांना लॅपटॉपपुढे बसवलं. चारही लिनक्स एकामागून एक, प्रत्येकात तीच चार कामं: फाइल उघडा, एक ओळ लिहा, पेनड्राइव्हवर जपा, पेनड्राइव्ह काढा. मी मागे उभा, तोंड बंद ठेवायचं ठरवून.

अँटीएक्समध्ये पहिलं काम झालं. पेनड्राइव्ह लावल्यावर मामा थांबले, पडद्यावर काय बदललं ते शोधत. मग माझ्याकडे बघितलं. मी गप्प. त्यांनी उजवं बटण दाबलं, मोठा मेनू उघडला, त्यात आणखी मेनू. "आनी हें कितें?" तिथेच आवरलं. ज्याला २३६ एमबी दिसतात तो मी, ज्याला पेनड्राइव्ह दिसला पाहिजे ते मामा.

डेबियनचं एक्सएफसीई उघडलं तर पट्टी वर, अनुप्रयोगांचा मेनू वर. मामा खाली बघत राहिले. मी न राहवून पट्टी ओढून खाली आणली, वरचा मेनू तिच्या डाव्या कोपऱ्यात बसवला. पेनड्राइव्ह लावताच डेस्कटॉपवर चित्र आलं. चारही कामं, साडेतीन मिनिटं.

"हो बरो."

एमएक्सही त्यांना चाललं असतं, तेही एक्सएफसीईच. पण दर दोन वर्षांनी केरीला जाऊन नव्याने बसवायचं कोणी?

१८ ऑगस्ट, सोमवार

बसवलं. डेबियनच्या चित्रमय इन्स्टॉलरात मराठी आहे. मजा म्हणून मराठीत सुरुवात केली, पण मेनू इंग्रजीच ठेवले, कारण मामांच्या बोटांना 'फाइल', 'एडिट' ठाऊक आहे. स्थानिक मांडणी मराठी, भारत.

वायफायच्या जुन्या चिपसाठी लागणारं फर्मवेअर (चिप चालवणारा छोटा प्रोग्राम) इमेजमध्ये नव्हतं, वेगळं उतरवावं लागलं. ते उतरवायला नेट हवं आणि नेटला ते हवं. मोबाइल यूएसबीने जोडून त्याचं नेट दिलं आणि गाठ सुटली. हे लिहून ठेवतोय, कारण दर वेळी मी आधी अर्धा तास चिडतो आणि मग मोबाइल आठवतो.

बारीकसारीक. झेडरॅम घातलं: मेमरीचाच एक भाग दाबून ठेवलेल्या पानांसाठी, म्हणजे भरली तरी डिस्ककडे धाव कमी. डेबियन १३ मध्ये तात्पुरत्या फाइलींचं टीएमपी फोल्डर आता मेमरीत राहतं आणि निम्म्यापर्यंत मेमरी व्यापू शकतं. ४ जीबीत मला ते परवडत नाही, म्हणून बंद करून पुन्हा डिस्कवर आणलं. यूट्यूबसाठी एच२६४इफाय, म्हणजे चित्रफीत जुन्या एच.२६४ पद्धतीतच मागणारी ब्राउझरची जोड. या मशीनला नव्या पद्धतीची चित्रफीत प्रोसेसरवरच उलगडावी लागते आणि त्यात ते धापा टाकतं. एच.२६४, ४८० ओळी, गाणं न अडखळता वाजतं. नाट्यगीताला तेवढं पुरे, बघायचं काय आहे त्यात, ऐकायचं आहे.

२० ऑगस्ट, बुधवार

कळफलक. खरा प्रकल्प इथून सुरू झाला म्हटलं तरी चालेल.

मामा इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कळफलक-मांडणीने टाइप करतात. डेबियनमध्ये 'इंडियन' ले-आउट जोडला, ऑल्ट-शिफ्टने भाषा बदल. चाचणीचे शब्द: तऱ्हा, वाऱ्यावर, कृष्ण, ज्ञानेश्वर, बाळ, कॅलेंडर, ॲड. शेवटचा सोडून सगळे नीट. 'तऱ्हा'साठी शिफ्ट-जे चा ऱ आणि मग हलन्त, विंडोजसारखंच. पण शिफ्ट-१ ला 'ऍ' आला. अ वर चंद्र नाही, ए वर चंद्र. हे हिंदीचं रूप. मराठीचा ॲ युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांच्या जागतिक क्रमांक-यादीत, २००८ साली, ५.१ आवृत्तीत आला, आणि हा ले-आउट अजून जुन्याच जागी. मामांना फोनवर वाचून दाखवलं, विचारलं चालेल का. "तो ए, अ न्हय." संपलं.

एक्सकेबी या लिनक्सच्या कळफलक-व्यवस्थेच्या 'इन' फाइलमध्ये त्या कळीच्या नोंदीत ०९०डी (ऍ) होतं तिथे ०९७२ (ॲ) लिहिलं. एका ओळीचा बदल, शोधायला दीड तास. अपडेटने ही फाइल पुन्हा मूळ रूपात येऊ शकते म्हणून बदललेली प्रत मामांच्याच फोल्डरात ठेवलीय, शेजारी चार ओळींची चिठ्ठी.

मग ल आणि श. लिब्रेऑफिसमध्ये ल हिंदी वळणाचा दिसत होता. फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी नोंदलेली असेल तरच मराठी रूप उमटतं. लिब्रेऑफिस देवनागरीला 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट' या वेगळ्या खात्यात धरतं. तिथली भाषा मराठी केली, फॉन्ट आणि आकारही तिथेच ठरवला. पाश्चात्त्य अक्षरांच्या खात्यात आकार बदलत बसलो असतो तर काहीच हललं नसतं, आणि पूर्वी तसा बसलोही आहे. आपोआप जपण्याचा अवधी दहा मिनिटांवरून दोन मिनिटांवर आणला. कारण केरीची वीज.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

जुन्या फॉन्टमधल्या फाइली. मामांनी विंडोजवर पहिल्या तीन वह्या ज्यात टाइप केल्या तो फॉन्ट युनिकोडच्या आधीचा. त्यात प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचे तुकडे चढवतो. फॉन्ट गेला की अंगरखा गेला. डिस्कच्या प्रतीतून फॉन्टची फाइल काढून मामांच्या फॉन्ट-फोल्डरात टाकली, वाचता यायला लागलं. सगळ्याची पीडीएफ आधी काढून ठेवली.

पण वाचता येणं आणि शोधता येणं यात फरक आहे. पायथनमध्ये रूपांतराची छोटी स्क्रिप्ट लिहिली, १६० च्या आसपास जोड्या. जोड्या सोप्या. अवघड आहे क्रम. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर यायला हवी. रफार उलटा: तिथे अक्षरानंतर, इथे आधी. 'आर्थिक' सारख्या शब्दात दोन्ही एकदम. वेलांटी आधी हलवायची की रफार, यावर रात्रीचा एक वाजला. आधी वेलांटी, मग रफार. जिथे स्क्रिप्टला खात्री वाटत नाही तिथे ती शब्दापुढे प्रश्नचिन्ह लावते. तीन वह्यांत ६१ प्रश्नचिन्हं.

२५ ऑगस्ट, सोमवार. केरी

परवा चवथ. घरात माटोळीची फळं, नेवऱ्यांचा वास, लॅपटॉपला जागा नाही. तरी ओट्यावर एक कोपरा करून मामांना दाखवलं. ३० सेकंदांत उभं राहिलेलं बघून ते काही बोलले नाहीत, फक्त मामींकडे बघितलं.

पाचव्या ओळीवर वीज गेली. बॅटरी नाहीच, पडदा काळा. मी मनात ईएक्सटी४ या फाइल-व्यवस्थेच्या जर्नलचा (बदलांच्या नोंदवहीचा) जप केला. ते फाइल-व्यवस्था शाबूत ठेवतं, न जपलेला मजकूर परत देत नाही, त्यासाठी दोन मिनिटांचा तो अवधी. वीस मिनिटांनी वीज आली. लिब्रेऑफिसने विचारलं, परत आणू का. साडेचार ओळी परत आल्या. मामांनी अर्धी ओळ पुन्हा टाइप केली आणि मग पहिल्यांदाच विचारलं, "पयशे कितले जाले?"

१,९९० म्हटलं. मामी आत हसल्या.

६ सप्टेंबर, शनिवार

चवथीत काहीच झालं नाही, व्हायचंही नव्हतं. आजची एकच नोंद. मोझिलाने जाहीर केलंय की लिनक्सवरच्या ३२-बिट फायरफॉक्सची १४४ ही शेवटची आवृत्ती. १४० च्या ईएसआरला (दीर्घ आधाराच्या आवृत्तीला) पुढच्या सप्टेंबरपर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळतील. क्रोमने हे २०१६ मध्येच केलं होतं. ९ तारखेला तो एलएससीपीयू मारला नसता तर मामांना वर्षभरात पुन्हा बिनब्राउझरचं करून ठेवलं असतं.

१४ सप्टेंबर, रविवार. केरी

तीन आठवड्यांनी भेट. फोन दोनदाच आला होता. एकदा आवाज बंद होता, स्पीकरच्या चित्रावर चुकून टिचकी. दुसऱ्यांदा झेरॉक्सवाल्याने "फाइल उघडत नाही" म्हटलं, कारण मामांनी पीडीएफ न करता मूळ फाइलच नेली होती. आता पट्टीवर 'पीडीएफ' चं बटण मोठं करून ठेवलंय.

चौथी वही पूर्ण झालीय, ३८ पानं. डेस्कटॉपवर मामांनी स्वतः एक फोल्डर केलाय, नाव 'वयो' (वह्या). ओढून-सोडून, आत प्रत्येक वहीचा वेगळा. मी काही शिकवलं नव्हतं.

राहिलेलं: बॅटरी, मिळाली तर. आणि प्रश्नचिन्हं. ओट्यावर बसून ६१ शब्द एकेक करून पाहिले, मामा मूळ वही धरून, मी पडदा. चाळीसेक ठिकाणी माझ्या स्क्रिप्टची चूक, तीच ती रफाराची. पंधरा-सोळा मामांची टंकलेखनातली. उरलेले वहीतच तसे होते. एका जतीत एक शब्द असा की नीट मराठी नाही आणि कोंकणीही नाही. लिहिणारा चुकला का, विचारलं. मामांनी बोट ओळीवर ठेवून ती गुणगुणली, दोनदा. प्रश्नचिन्ह पुसलं, शब्द तसाच ठेवला, पुढच्या ओळीवर गेले.